रक्त थांबवणारी पेटी, हजार-बाराशे रुपयांत: नाशिककरांसाठी खरेदीपासून सरावापर्यंत

गाडी घेताना शोरूममधून मिळालेली प्रथमोपचार पेटी एकदा उघडून बघा. चार-पाच चिकटपट्ट्या, कापसाचा गुंडा, मलमाची ट्यूब, दोन बोटं रुंदीचं बँडेज आणि जंतुनाशकाची इवलीशी बाटली. खरचटलं, भाजी चिरताना बोट कापलं तर ठीक. पण द्वारका चौकात चाकाखाली पाय आलेला माणूस, अंबडच्या पॉवर प्रेसमध्ये हात गेलेला कामगार किंवा संक्रांतीच्या आठवड्यात मांजानं चिरलेला दुचाकीस्वार समोर असेल, तर त्या पेटीतली एकही वस्तू कामाची नाही.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं दोन लिटर गेलं की जीव धोक्यात येतो, आणि मांडीची मोठी धमनी तुटली तर तेवढं जायला काही मिनिटं पुरतात. १०८ची गाडी कितीही धावत आली तरी ती मिनिटं शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातातली असतात. म्हणून या पेटीचा सगळा पैसा रक्त थांबवण्यावर खर्च करायचा. उरलाच तर अंग गरम ठेवायला आणि मोडलेला हात-पाय स्थिर करायला. क्रोसिन, ओआरएस, बर्नॉल, झंडू बाम यांचा डबा घरात वेगळा असू द्या. दोन्ही एकत्र केले की ऐन वेळी बामच्या बाटल्या बाजूला सारत बँडेज शोधावं लागतं.

मी डॉक्टर नाही. कारखान्यात सुरक्षेचं काम बघतो, सुट्टीत किल्ले चढतो, आणि मित्रमंडळींना अशा पेट्या भरून देतो. खाली आहे ते प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात शिकवतात तेच. भर घातली आहे ती नाशिकच्या बाजारात काय मिळतं आणि काय फसवं असतं याची.

आधी ठरवा: पेटी राहणार कुठे?

हे खरेदीच्या आधी ठरवायचं, कारण पेटीचा आकार त्यावर ठरतो. स्कूटरच्या सीटखाली राहणारी पेटी जेवणाच्या डब्याएवढीच हवी. कारमध्ये जागा भरपूर, पण ती मागच्या डिकीत टाकू नका. मागून धडक बसली की डिकी उघडत नाही. पुढच्या सीटखाली किंवा दाराच्या कप्प्यात ठेवा. ट्रेकला सॅकच्या सर्वांत वरच्या खिशात. कारखान्यात मशीनजवळच्या खांबावर, आणि सुपरवायझरच्या कपाटात कुलूप लावून तर मुळीच नको. कुलपाची किल्ली ज्याच्याकडे असते तो नेमका दुसऱ्या पाळीला असतो.

पिशवीवर पैसे घालवू नका. रविवार कारंजा-भद्रकालीकडे कोणत्याही बॅगवाल्याकडे चेनचा लाल किंवा केशरी पाऊच मिळतो, तोच घ्या. तीन बाजूंनी चेन असलेला, पुस्तकासारखा पूर्ण उघडणारा मिळाला तर उत्तम. खोल, तोंड अरुंद असलेला नको. त्यात खालची वस्तू काढायला वरचं सगळं रस्त्यावर ओतावं लागतं. बाहेरून रेडियमची पट्टी चिकटवली की रात्री कसारा घाटातही टॉर्चच्या उजेडात लगेच सापडतो.

खरेदी: गोळे कॉलनीत काय मागायचं

औषधांचा घाऊक बाजार म्हणजे गोळे कॉलनी, हे नाशिककराला सांगायला नको. औषधांची बरीच दुकानं घाऊकच देतात, पण सर्जिकल सामानाच्या दुकानात सुटं मिळतं. गल्लीतल्या मेडिकलपेक्षा तिथं स्वस्त पडतं, आणि मुख्य म्हणजे सहा इंची मापं तिथं असतात. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये बँडेज मागितलं की दोन इंची हातात पडतं.

काउंटरवर ही चिठ्ठी द्या. किमती अंदाजे आहेत, कंपनी आणि दुकानाप्रमाणे मागे-पुढे होतील:

– नायट्राइलचे हातमोजे, चार जोड (५०–८० रुपये)
– रोलर बँडेज, सहा इंची, सहा नग (१००–१५०)
– निर्जंतुक गॉज, १० × १० सेंटिमीटर, चार-पाच पाकिटं (१००–१५०)
– क्रेप बँडेज, सहा इंची, दोन नग (२५०–४००)
– त्रिकोणी पट्टी, दोन (६०–१००)
– मायक्रोपोर किंवा कापडी चिकटपट्टी, एक इंची (५०–८०)
– कपडे कापायची वाकडी कात्री, टोक बोथट असलेली (१५०–२५०)
– चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट (८०–१५०)

एवढ्यात हजार-बाराशे रुपये होतात. तेवढेही एकदम नसतील तर पहिल्या महिन्यात हातमोजे, रोलर बँडेज, गॉज आणि एक क्रेप घ्या, पावणेचारशे ते पावणेसहाशेत होतं. कात्री आणि ब्लँकेट पुढच्या पगारावर. चौघांनी मिळून खरेदी केली तर आणखी स्वस्त: हातमोज्यांचा शंभर नगांचा डबा आणि रोलर बँडेजचं डझन वाटून घ्या.

आता चिठ्ठीतल्या काही वस्तूंबद्दल.

रोलर बँडेज सहा का? खोल जखमेत कापड ठासून भरावं लागतं, आणि मांडीच्या जखमेत एक अख्खं बँडेज गडप होतं. परदेशी संचांत यासाठी घडी घातलेलं, दाबून पॅक केलेलं लांब गॉज असतं. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, मिळालं तर महाग. साधं सुती रोलर बँडेज तेच काम करतं. ते निर्जंतुक नसतं हे खरं. पण जंतुसंसर्गावर रुग्णालयात उपचार होतात, वाहून गेलेल्या रक्ताला तिथं पोहोचायच्या आत पर्याय नसतो. निर्जंतुक गॉजची पाकिटं वरून झाकायला वापरा.

कापूस नको. दुकानदार हटकून देतो, कारण प्रथमोपचार म्हटलं की कापूस हे समीकरण डोक्यात बसलेलं असतं. जखमेत त्याचे तंतू चिकटतात, आणि दाब द्यायला तो काही कामाचा नाही. सॅनिटरी पॅडची युक्तीही फिरत असते. पॅड रक्त शोषून घेतं, थांबवत नाही. उलट किती रक्त जातंय ते दिसेनासं होतं. वरून बांधायला दुसरं काहीच नसेल तेव्हा ठीक.

क्रेपबरोबर दोन दातेरी धातूच्या क्लिपा येतात. त्या घरीच काढून टाका. ओल्या हातानं त्या लागत नाहीत आणि हलवाहलवीत उडून जातात. त्याऐवजी पाऊचमध्ये दोन मोठ्या सेफ्टी पिना ठेवा. चिकटपट्टीचं टोक आधीच आतल्या बाजूला दुमडून छोटा कान करून ठेवा. हातमोजे घालून मायक्रोपोरचं टोक शोधायचा प्रयत्न एकदा करून बघा, म्हणजे हे का सांगतोय ते कळेल. रक्तानं ओल्या कातडीवर कुठलीच पट्टी चिकटत नाही, म्हणून ती बँडेजवर बँडेज चिकटवायला आहे, अंगावर नाही.

हातमोजे नायट्राइलचेच घ्या, लॅटेक्सचे गाडीच्या उष्णतेत लवकर विरतात. कात्रीची परीक्षा दुकानातच: जीन्सच्या दुमडलेल्या शिवणीवर चालली पाहिजे. जुनी जीन्सची चिंधी खिशात घेऊन जा, दुकानदार हसला तर हसू द्या.

ब्लँकेटला चैनीची वस्तू समजू नका. रक्त गेलेला माणूस मे महिन्यातही थंड पडतो, आणि अंग गार पडलं की रक्त गोठायची क्रिया मंदावते. निफाडकडच्या डिसेंबरात तर विचारूच नका. अंगाखाली आणि वर, दोन्हीकडून गुंडाळायचं. डांबरी रस्ता किंवा कारखान्याची फरशी खालून ऊब खेचत असते.

टुर्निके: घ्या तर अस्सल, नाहीतर घेऊ नका

हात किंवा पाय तुटला, चिरडला, रक्ताची धार दाबूनही थांबत नाही, तेव्हा जखमेच्या वर अवयव आवळून रक्तपुरवठाच बंद करावा लागतो. त्यासाठीचा दांडीवाला पट्टा म्हणजे टुर्निके. संपूर्ण पेटीत ही एकच वस्तू महाग आहे, आणि फसवणूक सर्वांत जास्त तिथंच होते.

पहिला गोंधळ गोळे कॉलनीतच. टुर्निके मागितला की बहुतेक दुकानदार लॅबमध्ये रक्त काढताना दंडाला बांधतात तो क्लिपवाला इलॅस्टिकचा पट्टा काढून देतात. तो शिरा फुगवण्यासाठी असतो. धमनीचं रक्त त्यानं थांबणार नाही. शिरा दबतात, धमनी वाहतच राहते, आणि रक्तस्राव वाढूसुद्धा शकतो.

दुसरा सापळा ऑनलाइन. कॅट नावाचा अमेरिकन टुर्निके नॉर्थ अमेरिकन रेस्क्यू ही कंपनी विकते. त्याची किंमत काही हजारांत जाते. हुबेहूब दिसणारे नकली पाच-सातशेला मिळतात. फोटोत फरक कळत नाही. खरा फरक दांडी पिळताना कळतो. नकलीची प्लास्टिकची दांडी वाकते, कधी मोडते, शिवण उसवते. जिथं मांडीएवढा जाड अवयव आवळायचा तिथं हे झालं तर घेतलेल्या पट्ट्याचा उपयोग शून्य. कॅट, सॅम एक्सटी, सॉफ्ट-टी वाइड ही अमेरिकी सैन्याच्या टीसीसीसी समितीनं (रणांगणावर जखमींवर उपचार कसे करायचे ते ठरवणारी) शिफारस केलेल्या टुर्निकेंतली नावं. घ्यायचाच तर यातला, अधिकृत विक्रेत्याकडून, वेष्टनावर लॉट क्रमांक बघून.

माझं मत विचाराल तर: बजेट हजाराचं असेल तेव्हा टुर्निके सोडून द्या. नकली विकत घेण्यापेक्षा त्या पैशांत आणखी चार क्रेप घ्या आणि कापड ठासून दाबण्याचा सराव करा. बहुतेक रक्तस्राव दाबानंच थांबतात. मात्र प्रेस शॉपमध्ये, लाकूड कापायच्या करवतीवर किंवा रोज हायवेवर असाल तर अस्सल टुर्निकेसाठी पैसे साठवा. कारखान्यात चार-पाच जणांनी वर्गणी काढली तरी होतं, आणि खरं तर तो खर्च मालकाचा आहे.

तोवर त्रिकोणी पट्टीचा तात्पुरता टुर्निके शिकून ठेवा. पट्टीची दोन इंच रुंद घडी करा. त्याहून बारीक नको, दोरी किंवा वायर तर मुळीच नको, ती कातडी आणि स्नायू कापते. जखमेच्या वर अवयवाभोवती दोन वेढे, एक गाठ. गाठीवर पक्की दांडी ठेवून तिच्यावर दुसरी गाठ. मग दांडी पिळत जा, धार थांबेपर्यंत, आणि दांडीचं टोक उरलेल्या कापडानं बांधून टाका. दांडी म्हणून पेन-पेन्सिल चालत नाही, तडकन मोडते. कारखान्यात रिंग पाना उत्तम. नुसता कमरेचा पट्टा आवळून भागत नाही. दांडीशिवाय पुरेसा ताण येत नाही.

पैसे असतील तर आणखी एक वस्तू: रक्त गोठवायला मदत करणारं ड्रेसिंग. परदेशात क्विकक्लॉट, सेलॉक्स ही नावं चालतात. आपल्याकडे ॲक्सिओस्टॅट हे कायटोसानचं ड्रेसिंग भारतातच बनतं. पण हे सगळं दाबाच्या जोडीला. नुसतं ठेवून हात काढला तर काही होत नाही.

पाऊच भरताना

वापरायच्या क्रमानं भरा. सर्वांत वर हातमोजे, प्रत्येक जोड वेगळ्या छोट्या पिशवीत. त्याखाली दोन रोलर बँडेज, वेष्टन आधीच काढून, झिपलॉकमध्ये. कागदात घट्ट गुंडाळलेलं बँडेज थरथरत्या हातानं सुटत नाही. मग गॉज, क्रेप. कात्री कडेच्या कप्प्यात, बाहेरूनच ओढता येईल अशी. टुर्निके असेल तर प्लास्टिकचं वेष्टन काढून, पट्टा बकलमधून ओवून, पाऊचच्या बाहेर रबरानं अडकवा. ब्लँकेट आणि त्रिकोणी पट्ट्या तळाशी. एक जाड काळा मार्कर, छोटी टॉर्च. एका कार्डावर तुमचा रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि घरच्या दोघांचे फोन. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते मोठ्या अक्षरांत.

पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबककडे फिरणाऱ्यांनी सगळंच झिपलॉकमध्ये घालावं. तिकडच्या पावसात चेन काय, वॉटरप्रूफ म्हणून विकलेला पाऊचही टिकत नाही.

प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा

आधी स्वतःचा जीव. हायवेवर गाडी कडेला घेऊन इंडिकेटर चालू, कारखान्यात मशीनचा मेन स्विच बंद. मग एका माणसाकडे बोट दाखवून सांगा, "दादा, तुम्ही १०८ला फोन लावा, स्पीकरवर ठेवा." कुणीतरी फोन करा असं घोळक्याला म्हटलं की कुणीच करत नाही. पत्ता सांगताना खूण द्या: गरवारे पॉइंट, जत्रा हॉटेल, घोटी टोलनाका, आणि बाजू कोणती ते, मुंबईकडे जाणारी की धुळ्याकडे. डिव्हायडरच्या चुकीच्या बाजूला गाडी आली तर वळून यायला फार वेळ जातो. १०८ लागला नाही तर ११२.

हातमोजे घाला, कपडे कापा, रक्त कुठून येतंय ते डोळ्यांनी बघा. काळी पँट असेल तर खाली हात घालून बघा. काळ्या कापडावर रक्त दिसत नाही. धार उडतेय, जमिनीवर थारोळं साचतंय, बँडेज भिजून ठिबकतंय किंवा माणूस बरळायला लागलाय, यातलं एक जरी असलं तरी जिवावरचा रक्तस्राव समजा.

जखम हाता-पायावर असेल आणि धार मोठी असेल तर टुर्निके. जखमेच्या दोन-तीन इंच वर. गुडघा किंवा कोपरावर नाही, त्याच्याही वर. खिशातला मोबाइल, किल्ल्या आधी काढा. पट्टा हातानं जेवढा ओढता येईल तेवढा ओढा, मग दांडी पिळा. इथं बरेच जण चुकतात: पट्टा सैल ठेवून दांडीच्या भरवशावर राहतात. रक्त थांबेपर्यंत पिळायचं. माणूस कळवळेल, ओरडेल, सोडा म्हणेल. दुखणारच. थांबलं की दांडी अडकवा आणि वेळ मार्करनं कपाळावर किंवा पट्ट्यावर लिहा. तरीही वाहत असेल तर आणखी पिळा, किंवा त्याच्या वर दुसरा लावा.

आणि नंतर सैल करायचा नाही. दर पंधरा मिनिटांनी सोडा हे जुन्या पुस्तकांत असायचं, अजूनही कुणीतरी काका रस्त्यावर ठामपणे सांगतात. ऐकू नका. सोडलं की थांबलेलं रक्त पुन्हा सुरू होतं. साधारण दोन तासांपर्यंत अवयवाला सहसा कायमची इजा होत नाही, आणि शहरातून त्याच्या आत तुम्ही त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात पोहोचता. साल्हेरवरून उतरवताना जास्त वेळ लागला तरी सोडायचा निर्णय डॉक्टरचा.

जांघ, काख, खांदा इथं टुर्निके बसत नाही. तिथं कापड ठासायचं. बोटानं जखमेत चाचपून रक्त जिथून येतंय ती जागा शोधा, रोलर बँडेजचं टोक तिथं टेकवा आणि एका बोटानं दाबून धरत दुसऱ्या बोटानं पुढचं कापड आत सारत जा. जागा उरणार नाही इतकं भरायचं, वर ढीग झाला तरी हरकत नाही. मग दोन्ही तळहात एकावर एक, कोपर सरळ, अंगाचा सगळा भार. दहा मिनिटं घड्याळ लावून. मध्ये उचलून बघू नका. वरून भिजलं तर आणखी कापड ठेवून जोरात दाबा. त्यावर क्रेप बांधताना प्रत्येक वेढा जखमेवर आला की क्रेपला एक पीळ द्या, म्हणजे तिथं गाठीसारखा उंचवटा होऊन दाब नेमका बसतो. बांधून झाल्यावर खालच्या बोटाचं नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोन-तीन सेकंदांत गुलाबी झालं नाही तर क्रेप जास्त आवळला गेलाय.

छाती आणि पोट यांत कापड ठासू नका. बाहेरून झाकायचं आणि पळवायचं. छातीत भोक पडून हवा ये-जा करत असेल तर ते प्लास्टिकनं हवाबंद करू नका. आत हवा साठून फुप्फुस दबतं. काही घुसलं असेल, सळई, काच, फांदी, तर उपसू नका. आहे तिथं दोन्ही बाजूंनी बँडेजच्या गुंडाळ्या लावून स्थिर करा. हळद, तंबाखू, कॉफी, चुना, माती यांतलं काही जखमेत नको. पाणी, चहा पाजू नका. ऑपरेशन करावं लागलं तर भूल देताना घात होतो.

आपल्याकडचे खास प्रसंग

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी नाशिक-येवल्यात संक्रांतीला गळे चिरल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. गळ्याला टुर्निके नाही, गोल पट्टीही नाही. ज्या बाजूनं रक्त येतंय तिथंच गॉज ठेवून बोटांनी सरळ दाब, श्वासनलिका मोकळी ठेवून. पूर्ण वाटभर हात काढायचा नाही. दाबून धरणाऱ्यानं रुग्णासोबतच गाडीत बसायचं. जानेवारीत दुचाकीवर गळ्याभोवती जाड मफलर किंवा नेकगार्ड हा पेटीपेक्षा चांगला उपाय.

सातपूर-अंबड-सिन्नरच्या शेडमध्ये बोट तुटतं. आधी माणसाचं रक्त थांबवा, बोट नंतर शोधा. सापडलं की ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बर्फ थेट बोटाला लागला तर पेशी मरतात आणि जोडता येत नाही. कँटीनमध्ये बर्फ कुठे मिळतो हे आजच विचारून ठेवा.

निफाड-दिंडोरीच्या बागेत छाटणीच्या कात्रीच्या जखमा दाबानं थांबतात. तिथं वेगळीच सूचना: साप चावला तर टुर्निके नको. घोणस असो की मण्यार, आवळून बांधल्यानं विष थांबत नाही, अवयव मात्र जातो. अंगठी, कडं काढा, हात-पाय हलू न देता जिथं सर्पदंशाची लस असेल त्या रुग्णालयात न्या.

हरिहरच्या कोरलेल्या पायऱ्यांवरून किंवा अंजनेरीवरून घसरलेल्याला हाड मोडण्याचा धोका जास्त. दोन जाड वर्तमानपत्रं गुंडाळून क्रेपनं बांधली की हाताला चांगला आधार होतो. पाय मोडला असेल तर चांगल्या पायाला बांधा, मध्ये सॅकमधला कपडा घाला.

सराव

पेटी भरून ठेवली आणि वापरली नाही तर ती शोरूमच्या पेटीसारखीच. दुधी भोपळ्याला दोन बोटं जातील एवढं खोल भोक पाडा आणि एक जुनं बँडेज त्यात ठासून बघा. किती कापड मावतं हे बघून प्रत्येक जण चकित होतो. गादीचा स्पंजही चालतो. टुर्निके आधी स्वतःच्या मांडीवर एका हातानं, मग डोळे मिटून. दुखायला लागेपर्यंत पिळा आणि लगेच सोडा. सरावाचा आणि पेटीतला वेगळा ठेवा. वारंवार ताणलेला पट्टा झिजतो. शक्य असेल तर रेडक्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा प्रथमोपचार वर्ग करा. सीपीआर (हृदय बंद पडलं की छाती दाबून देतात तो उपचार) वाचून येत नाही, तिथं पुतळ्यावर हात दुखेपर्यंत करून घेतात.

घरच्यांनाही दाखवा. पेटी तुमची असली तरी पडणारा माणूस तुम्हीच असाल, आणि तेव्हा पाऊच उघडणार दुसरंच कुणीतरी.

पोलिसांची भीती बाळगून मागे उभं राहू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १३४अ नुसार वाहन अपघातात मदत करणाऱ्यावर सद्भावनेनं केलेल्या कृतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही.

देखभाल

वर्षातून दोनदा पाऊच रिकामा करा: संक्रांतीच्या आधी आणि मृगाच्या आधी. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत चिकटपट्टीचा डिंक वितळून गुंडाळी एकसंध होते, क्रेपचा ताण जातो, हातमोजे एकमेकांना चिकटतात. क्रेप ओढून सोडा. परत आखडत नसेल तर घरी मुरगळलेल्या पायाला वापरा आणि नवा टाका. गॉजच्या पाकिटांच्या कडा बघा, उघडल्या असतील तर ती ठासायच्या ढिगात. टॉर्चचे सेल बाहेर काढून वेगळे ठेवा, आत राहिले की पाझरतात.

पेटी वापरली गेली तर दुसऱ्या दिवशीच गोळे कॉलनीत जाऊन भरून आणा. रक्त लागलेली कात्री साबणानं धुऊन, ब्लीचच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून, पुन्हा साध्या पाण्यानं धुऊन कोरडी करा, नाहीतर गंजते. वापरलेला टुर्निके मात्र धुऊन परत ठेवू नका. तो सरावाच्या पिशवीत जातो.